नववं पाकीट

घोड्यावरून उतरलो तेव्हा पाय जागेवर नव्हते.
वाटाड्या पोरगा हसला, लगाम हातात घेतला
आणि आधी घोड्याला पाणी दाखवलं, मग मला.

हा-लेभोया. एकोणीस गोल घरं, एक ढासळलेला गोठा.
मासेरूच्या कचेरीतल्या नकाशावर
जिथे या गावाचं नाव हवं
तिथे कुणाच्या तरी कपाची गोल खूण आहे.

माझ्याकडे बावीस पानांचा अर्ज
आणि दोन शिसपेन्सिली. इथे शाई गोठते.

प्रश्न चौथा : जवळचं औषधालय किती किलोमीटरवर?
आरोग्यसेविका पुसेलेत्सोबाईंनी
खांद्यावरचं ब्लँकेट सारखं केलं.
नदी उतरलेली असेल तर एक दिवस, म्हणाल्या,
चढलेली असेल तर
एप्रिल.
मी एप्रिल लिहिलं, किलोमीटरच्या रकान्यात.
साहेब रागावतील. रागावोत.

प्रश्न नववा : साठ्यात काय आहे?
खाटेखालून पत्र्याची पेटी निघाली, किल्ली त्यांच्या गळ्यातून.
कापसाची गुंडाळी, एका बाजूनं उंदरानं तपासलेली.
एक थर्मामीटर, ज्याच्या मते कुणालाच ताप नाही.
जंताच्या गोळ्या, मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात मुदत संपलेल्या.
क्षारसंजीवनीची नऊ पाकिटं.
"दहा होती. एक सेल्लोआनेच्या लेकीला दिलं."
आणि लेक?
त्यांनी नुसतं दाराकडे पाहिलं.
दारात सहा वर्षांची एक पोर शेंबूड वर ओढत
माझ्या घोड्याचे पाय मोजत होती,
पुन्हा पुन्हा, खात्री पटत नसल्यासारखी.

न्ताते खोएली सर्वांत शेवटी आले.
सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत तेवीस वर्षं.
आता वाक्याच्या मध्येच थांबतात,
चढावर थांबावं तसे.
क्षयाची गोळी एक दिवसाआड घेतात.
विसरता का? अर्जात फक्त होय किंवा नाही.
"विसरतोय कुठला.
गोळ्या आणायला घोडं भाड्यानं लागतं, एका खेपेला
एक मेंढी. एक दिवसाआड खाल्ल्या
की मेंढ्या निम्म्या लागतात.
हिशेब चुकला का माझा?"

हिशेब बरोबर होता.
मी पदविकेला जे शिकलो ते सगळं
त्यांना समजावून सांगितलं, जंतू कसे निर्ढावतात वगैरे.
त्यांनी मान डोलावली
आणि माझ्याकडे उरलेल्या मेंढ्या मोजल्यासारखं पाहिलं.

इथली गरज सरत नाही.
आणि वैद्यानं मरायचं तर आधी यायला तरी हवं.

रात्री ती नदी माझ्या पोटात उतरली.
तीनदा बाहेर गेलो, गवताला धरून बसलो,
वर इतके तारे की त्यांच्यासमोर असं बसायची लाज वाटली.
चौथ्यांदा परतलो तर पुसेलेत्सोबाई कंदील घेऊन उभ्या.
उकळून निववलेलं पाणी. पाकीट त्यांनी दातानं फाडलं.
मी नको म्हणालो. नियम आहे,
पाहणी पथकानं गावच्या साठ्याला हात लावू नये.
"हगवणीला पथक कळत नाही," त्या म्हणाल्या. "पी."
मीठ, साखर, आणि कपाच्या कडेचा गंज.

सकाळी अर्ज उघडला. शिसपेन्सिल होती ते बरं.
नऊ खोडलं.
खोडताना कागद थोडा फाटला.
आठ.

मग त्यांनी स्वतःची वही काढली,
पट्टीनं आखलेली, मागे पोत्याचं कव्हर.
माझं नाव विचारलं, वडिलांचं विचारलं, गाव, वय,
किती वेळा झाली, रंग कसा होता.
सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं.
बावीस पानांत मी कुणाला एवढं विचारलं नव्हतं.
शेवटचा रकाना होता, पुढे काय झालं.
तो त्यांनी कोरा ठेवला.
"खाली पोचलास की कळव," म्हणाल्या.

कसं कळवायचं
ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
घोडा खाली मान घालून
ओढ्याचा बर्फ चाटत होता.